प्रेमिलाच्या कानातला रेडिओ

नागपूरच्या तांडापेठेतल्या अंजनाबाईला आपल्या घरातले आवाज न पाहता ओळखू यायचे. नवरा धोंडबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला की धोटा इकडून तिकडे पळायचा, आणि त्याच्या खटखटीवरून तिला कळायचं की आज याचं मन ताळ्यावर आहे की नाही. लेक प्रेमिला मागच्या खोलीत चरख्यावर कांड्या भरायची. धोट्यात घालायच्या सुताच्या त्या कांड्या भरता भरता पोरगी अखंड बडबडायची आणि अंजनाबाई चुलीपाशी बसून हं हं करायची. त्या घराचा दिवस असाच जायचा.

एकोणीसशे बहात्तरच्या दिवाळीनंतर ती बडबड थांबली.

अंजनाबाईचा भाऊ देवाजी भिलाईच्या कारखान्यात कामाला होता. त्यानं घरी नवा मोठा रेडिओ घेतला आणि जुना ट्रान्झिस्टर भाऊबीजेला बहिणीकडे आणून ठेवला. तपकिरी चामड्याचं कव्हर, पुढं बारीक भोकं, खांद्याला अडकवायचा पट्टा, आणि एका कानात घालून ऐकायची लांब तार.

"दिवसभर खटखट आयकून कान किटले असतील तुह्ये, ताई," देवाजी म्हणाला.

अंजनाबाईचे कान मुळीच किटले नव्हते. पण भावानं प्रेमानं दिलेली वस्तू, तिनं ती कोनाड्यात, देवाच्या शेजारी मांडली. पहिले आठ दिवस सगळ्यांनीच ऐकली. मग धोंडबा कुरकुरायला लागला. गाण्याच्या ठेक्यावर त्याचा हात जायचा आणि सूत तुटायचं. "बंद कर ते," तो ओरडायचा. म्हणून प्रेमिलानं ती तार शोधून काढली आणि कानात घातली. त्या दिवसापासून एका घराची दोन घरं झाली. एकात धोंडबा, अंजनाबाई आणि माग. दुसऱ्यात प्रेमिला एकटी.

प्रेमिला तेव्हा सतरा वर्षांची होती. सातवी पास झाली आणि तिची शाळा सुटली होती, कारण कांड्या भरायला घरात दुसरं कोणी नव्हतं. पोरगी हुशार होती. शाळा सुटली तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. अंजनाबाईला तेच आत कुठंतरी टोचत राहायचं. म्हणून सुरुवातीला तिनं लेकीला काही म्हटलं नाही. ऐकते तर ऐकू दे, बिचारीला दुसरं आहे तरी काय, असं ती मनाशी म्हणायची.

मग फर्माइशी सुरू झाल्या. आवडीचं गाणं लावा म्हणून श्रोते रेडिओला कार्डं लिहायचे आणि गाणं वाजण्याआधी त्यांची नावं वाचली जायची. प्रेमिलानंही कार्ड टाकलं. महिना उलटला. एका दुपारी अंजनाबाई ज्वारी पाखडत होती, तेवढ्यात पोरगी कानातली तार लोंबकळत ठेवून धावत आली.

"माय! माह्यं नाव घेतलं!"

"कोनं घेतलं?"

"रेडिओनं! 'तांडापेठ, नागपूर से प्रेमिला हेडाऊ' असं म्हटलं. अख्ख्या देशात आयकू गेलं असन वं!"

अंजनाबाईला त्यातलं फारसं कळलं नाही. पण शाळा सुटल्यापासून लेकीच्या तोंडावर असा उजेड तिनं पाहिला नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

त्या गुळाची गोडी पुढं महागात पडली. एकदा नाव आलं म्हणजे पुन्हा यायला हवं. प्रेमिला आठवड्याला चार-चार कार्डं लिहू लागली. कार्यक्रमाची वेळ झाली की तिचं जेवण ताटात तसंच राहायचं. नाव आलं तर दिवसभर पाय जमिनीवर टेकायचे नाहीत. नाही आलं की तोंड एवढंसं. नळावर पाणी भरतानाही कानात तार असायची. मैत्रिणी हाका मारून थकल्या आणि हळूहळू तिच्याकडे यायच्या थांबल्या. कांड्या अर्धवट भरलेल्या निघायच्या, धोंडबाचा माग अडायचा, तो चिडायचा, आणि प्रेमिलाला त्याची चीडसुद्धा ऐकू जायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अंजनाबाई मोरीतल्या शेवाळावरून घसरून पडली. पाय असा मुरगळला की उठता येईना. धोंडबा गांधीबागेत व्यापाऱ्याकडे लुगडी पोचवायला गेला होता. तिनं लेकीला हाक मारली. एकदा, दोनदा, मग पुष्कळदा. प्रेमिला भिंतीपलीकडच्या खोलीत होती, फार तर दहा पावलांवर. चरख्याची घरघर अंजनाबाईला स्पष्ट ऐकू येत होती. तिची हाक मात्र पलीकडे पोचत नव्हती. शेवटी शेजारची बायजाबाई पीठ मागायला आली, तिनं तिला उचललं.

प्रेमिला धावत आली तेव्हा आईचा पाय सुजून टम्म झाला होता. पोरगी पांढरीफटक पडली. "मले आयकूच नाही आलं वं माय," एवढंच ती म्हणत राहिली.

संध्याकाळी धोंडबानं ट्रान्झिस्टर डोक्यावर उचलला. आता फरशीवर आदळणार, तेवढ्यात अंजनाबाई खाटेवरून म्हणाली, "माह्या भावाची वस्तू आहे. फोडायची नाही." त्यानं तो पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

त्यानंतरचे दिवस अंजनाबाईला पायाच्या दुखण्याहून जड गेले. प्रेमिला आईची सेवा मन लावून करी. पाय शेकी, हळद लावी, सगळा स्वयंपाक करी. पण तिचं लक्ष कशातच नसे. कार्यक्रमाची वेळ झाली की ती पेटीपाशी घुटमळायची. चौथ्या दिवशी दुपारी अंजनाबाईचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा समोर प्रेमिला भिंतीला कान लावून, डोळे मिटून उभी होती. पलीकडे बायजाबाईच्या घरी रेडिओ चालू होता. भिंतीतून शब्द तरी कुठले कळणार! नुसती गुणगुण. तरीही पोरगी भिंतीला चिकटून उभी होती, तापलेल्या माणसानं गार फरशीला गाल लावावा तशी.

अंजनाबाईनं डोळे पुन्हा मिटून घेतले. रात्री तिनं नवऱ्याकडे किल्ली मागितली.

"लाड करून राहिली तू तिचे," धोंडबा म्हणाला.

"लाड नाही. तिची काहीतरी भूक आहे. कायची आहे ते मले समजून नाही राहिलं. ते समजेपर्यंत उपाशी कशी ठेवू?"

धोंडबानं किल्ली दिली. रेडिओ बाहेर आला, पण तार अंजनाबाईनं स्वतःच्या बटव्यात ठेवली. ऐकायचं तर मोठ्यानं ऐक, म्हणाली. धोंडबा मागावर नसेल तेव्हा ऐक. प्रेमिलानं मान डोलावली. दोन-तीन दिवस तसं चाललंही. मग पोरगी रेडिओ पोटाशी धरून, आवाज बारीक करून, गोधडीत शिरायला लागली.

पावसाळ्यात पोस्टमन पत्रं आणू लागला. निळी आंतर्देशीय पत्रं, दर आठवड्याला एक. प्रेमिला ती पोळक्यात लपवी. कोणाची म्हणून विचारलं तर "मैत्रिणीची" म्हणे. कुठली मैत्रीण? "उमरेडची. ती पण फर्माइशी पाठवते. माह्यं नाव आयकून तिनं पत्र टाकलं."

अंजनाबाईचा त्यावर विश्वास बसला नाही. एके दिवशी प्रेमिला नळावर गेली असताना तिनं उशीखालचं एक पत्र घेतलं आणि लंगडत गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वामनरावांच्या ओट्यापर्यंत गेली. वामनराव निवृत्त मास्तर. तेही फर्माइशीच्या कार्यक्रमाचे ऐकणारे. ती ओट्याशी उभी राहिली, पत्र पदराखाली. लेकीचं मन दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे तिला जमेना. "कशा काय आल्या, वहिनी?" वामनरावांनी विचारलं. "काही नाही. पाय मोकळा करून राहिले," म्हणून ती परत फिरली आणि पत्र जागच्या जागी ठेवलं.

पंधरा दिवसांनी, एका मंगळवारी, प्रेमिला घरात नव्हती. नळावर नाही, बायजाबाईकडे नाही. चरखा थंड होता आणि रेडिओ उशाशी पडलेला. रेडिओ मागं ठेवून पोरगी गेली, म्हणजे लांब गेली, हे अंजनाबाईनं ओळखलं. आता लाज धरून भागणार नव्हतं. तिनं उशीखालचं सगळ्यात वरचं पत्र घेतलं आणि वामनरावांसमोर धरलं.

वामनरावांनी चष्मा लावून वाचलं. "'प्रिय प्रेमिला, तू यायचं म्हणतेस. मंगळवारी ये, घरात गर्दी नसते. बसस्टँडवरून विणकरांची आळी विचार. घर माहीत नसणारं कोणी नाही. तुझी, कुसुमावती.'" मग ते घुटमळले. "वहिनी, भीती घालत नाही. पण बाईच्या नावानं कोण्या माणसानं लिहिलं असलं तर? कागदाले तोंड नसते."

"अजून काय आहे त्यात?"

"खाली एक ओळ आहे. 'तू दर वेळी अंजनाबाईंचं नाव लिहितेस. ऐकून ऐकून त्या मला ओळखीच्याच वाटतात.'"

"कोण अंजनाबाई?" ती म्हणाली.

"तुम्हीच ना वहिनी! मी आयकतो न. 'प्रेमिला हेडाऊ, अंजनाबाई हेडाऊ.' दर बारीला दोन नावं असतात. तुम्हाले माहीत नाही?"

बायजाबाईकडे निरोप ठेवून अंजनाबाई तशीच बसस्टँडवर गेली. पाटी वाचता येत नव्हती, म्हणून तीन कंडक्टरांना विचारलं. उमरेडची बस कोळशाच्या ट्रकांमागून रेंगाळत निघाली. दिघोरी गेली, पाचगाव गेलं. खिडकीतून काळी धूळ येत होती आणि अंजनाबाईनं सगळ्या देवांना नवस बोलून संपवले होते.

विणकरांच्या आळीत घर लगेच सापडलं. दार उघडंच होतं. आत खाटेवर पन्नाशीची एक बाई भिंतीला टेकून बसली होती, कमरेपासून खाली चादर. तिच्या मागं बसून प्रेमिला तिच्या पांढऱ्या केसांतून फणी फिरवत होती. उशाशी ट्रान्झिस्टर होता. तो बंद होता.

आईला पाहून प्रेमिलाच्या हातातली फणी गळाली. अंजनाबाई दारातच बसली आणि रडू लागली.

"ह्या तुह्या माय का वं?" खाटेवरच्या बाईनं विचारलं. "त्याइले सांगून नाही आली तू?" प्रेमिलाची मान खाली गेली. कुसुमावतीनं तिचा कान धरला, चांगला पिळला. "घरात सांगून येजो, असं लिहिलं नव्हतं मी? मागच्या पत्रात?"

"लिहिलं होतं," प्रेमिला पुटपुटली.

"मंग?"

"नाही म्हटलं असतं तं?"

कुसुमावतीनं अंजनाबाईला जवळ बोलावून खाटेवर बसवलं. तिची गोष्ट साधी होती. चौदा वर्षांपूर्वी ताप आला आणि कमरेखालचं सगळं गेलं. नवरा दोन वर्षांनी वारला. दीर-जाऊ सांभाळतात, वाईट वागत नाहीत, पण दिवसभर त्यांना माग असतो. हा रेडिओ आला तेव्हापासून दिवस कटतो. "पोरीनं माह्यं वय कधी विचारलं नाही, मीही सांगतलं नाही. मले वाटलं, सांगतलं तं लिहिणं बंद करन. हे चुकलंच माह्यं." तिनं सरळ कबूल केलं.

मग ती प्रेमिलाकडे वळली. "आता तू आयक. मी सकाळपासून झोपेपर्यंत हा कानाशी धरून राहते. काहून? मले पाय नाहीत म्हणून. ह्या खोलीबाहेर माह्यं जग हेच. तुले दोन धड पाय आहेत आन तू माह्यासारखी पडून राहतं? मले तं राग येते वं तुह्या."

प्रेमिलानं खाली पडलेली फणी उचलली आणि राहिलेली वेणी घालून पुरी केली.

शेवटच्या बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. पाचगावच्या पुढं अंजनाबाईनं विचारलं, "माह्यं नाव काहून लिहीत होती?"

प्रेमिला खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुह्यं नाव कोनी घेतच नाही वं माय. बाबा 'आयकलं का' म्हणतात. गल्लीत तू प्रेमिलाची माय. मामा ताई म्हणते. मले वाटलं, एकडाव तरी कोनी मोठ्यानं घ्याव. घेतलं तेव्हा तुले आवाज द्याव वाटे. पण तू चुलीपाशी राहे, आन गाणं सुरू होऊन जाये."

अंजनाबाईनं लेकीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. बस खड्ड्यांतून आदळत होती. तिचा पाय ठणकत होता, पण नागपूर येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही.

अशी वेडं एका दिवसात उतरत नाहीत. धोंडबानं त्या रात्री घरात तांडव केलं, दोन दिवस अबोला धरला. प्रेमिला पुढंही रेडिओ ऐकत राहिली. कधी ठरल्याप्रमाणे, कधी चोरून. एकदा तर बटव्यातली तारसुद्धा गेली आणि आठवडाभरानं पोरीनं आपणच आणून दिली. खरा फरक पडला तो कुसुमावतीच्या पत्रांनी. तिनं अट घातली होती. गाणी मीही ऐकते, त्याबद्दल लिहू नकोस. रेडिओवर जे मला मिळत नाही ते लिही. तुमच्या गल्लीत कोणाकडे काय चाललंय, गांधीबागेत कोणते रंग आलेत, पावसात नाग नदी कशी दिसते.

लिहायचं तर आधी पाहायला हवं. प्रेमिला बापाबरोबर गांधीबागेत जाऊ लागली. लुगड्यांचे ढीग, दलालांची बोली, हातगाड्यांची रेटारेटी, सगळं डोळ्यांत भरून आणी आणि चार-चार पानं लिही. पुढं कोराडीला वीज केंद्राच्या उंच चिमण्या उभ्या राहिल्याचं ऐकलं, तर बायजाबाईला सोबत घेऊन बसनं तेही पाहून आली. परतली तेव्हा केसांत राख, आणि तोंडाला खंड नाही. अंजनाबाई चुलीपाशी बसून हं हं करत होती आणि मध्येच पदरानं डोळे पुसत होती. धुरानं, म्हणाली.

वामनरावांनी तिची ती पत्रं पाहिली आणि मॅट्रिकला बाहेरून बसवायचं मनावर घेतलं. पहिल्या खेपेला गणितात गेली, दुसऱ्या खेपेला निघाली. अठ्ठ्याहत्तर साली कोराडीच्या वसाहतीतल्या बालवाडीत तिला काम मिळालं. एव्हाना धोंडबाचा माग महिन्यातले अर्धे दिवस बंदच असायचा. पोरीच्या पगाराचा त्याला अभिमान होता, पण तो तसं तिच्यासमोर कधी म्हणाला नाही. इतरांना मात्र सांगत सुटायचा. पुढं तिथल्याच एका फिटरशी तिचं लग्न झालं.

प्रेमिलाला आता दर महिन्याला उमरेडला जायला जमत नसे. अंजनाबाईला जमायचं. तिनं वामनरावांकडून 'उमरेड' एवढी चार अक्षरं घोटून घेतली होती. स्टँडवर पाटी वाचायची आणि कोणालाही न विचारता बसमध्ये चढायची. सोबत तिळाची चटणी, कुसुमावतीच्या पायांना चोळायचं तेल, आणि लेकीकडचा ताजा समाचार.

ऐंशी सालच्या थंडीत अशीच ती गेली होती. तेल चोळता चोळता म्हणाली, "किती सालापासून ऊन नाही लागलं तुले, कुसुम?"

"मोजणं सोडून दिलं," कुसुमावती म्हणाली.

अंजनाबाईनं हात पुसले. आळीतून चार बाया बोलावून आणल्या. दीर मागावरून उठून आला. खाट दारातून निघेना म्हणून तिरपी केली, कुसुमावती ओरडली, हसली, पुन्हा ओरडली. शेवटी खाट निंबापाशी उन्हात टेकली. आळीतल्या म्हाताऱ्या एकेक करून जमल्या. कोणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या, कोणी चहा. काही जणींनी कुसुमावतीला वीस-एकवीस वर्षांत पाहिलंच नव्हतं. एकीनं तिच्या लग्नातली फजिती काढली आणि कुसुमावती इतकी हसली की तिला ठसका लागला.

चारची बस आळीच्या तोंडावरून हॉर्न वाजवत गेली.

"तुही बस गेली वं, अंजना," कुसुमावती म्हणाली.

"जाऊ दे," अंजनाबाई म्हणाली आणि आणखी एक शेंग फोडली. "दुसरी येईन."